सुप्रियानं आणलेलं पाणी

अरे, आमच्या सुप्रियाचा पाण्याचा प्रकार मी तुम्हाला सांगितलाच नाही की! सुप्रियाला गणित मोठ्यानं वाचल्याशिवाय सुटत नाही. सीईटी तोंडावर आलेली आणि आम्ही दोघी तिच्या घरी सराव करत बसलेलो. एक गणित काही केल्या जमेना. शेवटी चिडून ती उभी राहिली आणि ओरडली, "टाकीत पाणी येतंय! दर मिनिटाला दोन घनमीटर पाणी येतंय!"

खिडकी उघडी होती. आणि सोलापुरात असलं काही मोठ्यानं बोलू नये. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेही कधी येईल ते कुणालाच माहीत नसतं. तिची आई तव्यावरची भाकरी तशीच सोडून मोटर लावायला धावली. शेजारच्या पद्माकाकूंनी गल्लीभर हाक दिली, "पाणी आलं गं!" बघता बघता घागरी, बादल्या, पाइप, सगळं बाहेर आलं.

नळातून नुसती हवा.

सगळ्या बायका खिडकीकडे बघायला लागल्या. सुप्रिया कशीबशी म्हणाली, "काकू, मी गणित वाचत होते."

पद्माकाकूंनी रिकामी घागर कमरेवर घेतली. "व्हय का? मग आमच्या नळाला कधी येणार, तेवढं काढून दे की!"

मला वाटलं, ही आता रडणार. पण सुप्रियानं कपाळाला आठ्या घालून खरंच विचार केला आणि म्हणाली, "नाही निघणार काकू. यात सगळंच अज्ञात आहे, दिलेलं काहीच नाही."