मी हरवलेलो नाही याबाबत

नाव: देवमन तुळशीराम तायडे, वय ६६ वर्षे, धंदा: सेवानिवृत्त एसटी मेकॅनिक, रा. परतवाडा, ता. अचलपूर, जि. अमरावती.

मी आज स्वतःच्या पायाने ठाण्यात येऊन, विचारल्यावरून सांगतो की, मी हरवलेलो नाही. माझा मुलगा अनुप याने आज दुपारी माझ्या हरवल्याची खबर दिली आहे. त्यात मला विसरण्याचा आजार असल्याचे लिहिले आहे. तसा आजार मला नाही. सकाळी मी 'पेन्शनच्या कामाने अमरावतीला जातो' असे सांगून घरून निघालो. पेन्शनचे काम खोटे होते आणि ते मला पूर्ण आठवते. फोन मी स्वतः बंद केला होता.

घरी मला कसलाही त्रास नाही. मुलगा, सून चांगले आहेत. जेवण वेळेवर मिळते. जेवताना जो तो आपल्या मोबाईलमध्ये असतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

अचलपूरच्या शकुन खंडारे या निवृत्त नर्स असून विधवा आहेत. माझी पत्नी भागीरथा काही वर्षांपूर्वी वारली. शकुनबाईंची ओळख विहारात रविवारच्या ग्रंथवाचनाला झाली. त्यांच्याशी बोललो की मला बरे वाटते. माझ्याशी लग्न कराल का, असे त्यांना विचारायचे माझ्या मनात होते. परतवाड्यात किंवा अचलपुरात ते शक्य नव्हते. येथे टपरीवर दोघांनी चहा घेतला, तर कप खाली ठेवायच्या आत घरी कळते. अमरावतीतही आलूबोंड्याच्या प्रत्येक गाडीवर कोणीतरी भाचेजावई निघतोच. म्हणून मी चौकशी करून तिथले एक इटालियन हॉटेल निवडले. तेथे आमच्या नात्यातले कोणी जात नाही, याची खात्री करून घेतली होती.

आज आम्ही दोघे तेथे गेलो. मेनूतले काही कळले नाही. वेटरला 'त्यातल्या त्यात साधं असेल ते आण' असे सांगितले. त्याने पिझ्झा आणला. तो गरम होता. शकुनबाई त्यांच्या घरी सर्वांचे झाल्यावर जेवतात, त्यामुळे त्यांना एकदा तरी गरम मिळावे अशी माझी फार इच्छा होती. पण त्या म्हणाल्या, "तुमी घ्या ना जी आदी." मी म्हणालो, "पाहुने तुमी हाये, तुमी घ्या." त्या म्हणाल्या, "मानसाच्या आदी माह्या घशाखाली घास नाई उतरत." आमच्याकडे पाहुण्याने घास घेतल्याशिवाय घरचा माणूस ताटाला हात लावत नाही. हॉटेल घरचे नव्हते, पण बोलावणे माझे होते. असे बराच वेळ चालले आणि पिझ्झा थंड झाला.

वेटरला वाटले, पदार्थ आवडला नाही. तो प्लेट घेऊन गेला व दुसरा गरम पिझ्झा घेऊन आला. त्याचेही तेच झाले. मग मॅनेजर आला आणि 'आमचं काय चुकलं' असे विचारू लागला. मॅनेजर, वेटर आणि उंच टोपीचा आचारी असे तिघे टेबलापाशी उभे राहिले. लग्नाचे विचारण्यास ही परिस्थिती योग्य नव्हती.

शेवटी शकुनबाई त्यांना म्हणाल्या, "तुमचं काई नाई चुकलं, बावा. आदी कोनं खावं, तेच आमचं ठरून नाई राहिलं." मग त्यांनी दोन तुकडे तोडले, एक माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आता संगच." आम्ही बरोबर घास घेतला. पिझ्झ्याला चव नव्हती. चीजची तार माझ्या हनुवटीवरून शर्टावर आली, ती तुटेना. त्या हसल्या. त्यांना इतके हसताना मी पूर्वी पाहिले नव्हते. मला फार आनंद झाला आणि विचारायचे राहून गेले. विसरण्याचा प्रकार म्हणाल तर एवढाच.

या सगळ्यात गाडी चुकली. पुढच्या गाडीने परतवाडा स्टँडवर उतरलो, तर अनुप दोन शिपायांसह माझा फोटो लोकांना दाखवत होता. शकुनबाई माझ्या मागून उतरल्या. स्टँडवर गर्दी होती.

ठाण्यात हवालदार साहेबांनी 'सोबत कोण होते' असे विचारले. अनुपने मला बाजूला घेऊन सांगितले, "बाबा, एकटाच होतो म्हना. लोक काय म्हनतीन?" एकटे लिहिले तर विषय लवकर मिटतो, असे हवालदार साहेबही म्हणाले. शकुनबाई बाहेर बाकावर बसल्या आहेत. मी त्यांना विचारून आलो. त्या म्हणाल्या, "लिहा माहं नाव. आपन काय चोरी केली?" म्हणून त्यांचे नाव दिले आहे. अनुपचा चेहरा उतरला आहे, त्याचे मला वाईट वाटते. पण नाव खोडणार नाही.

शकुनबाईंचा मुलगा त्यांना घेऊन जाण्यास निघाला आहे. यापुढे घरचे त्यांना विहारात येऊ देतील की नाही, सांगता येत नाही. विचारायला पुन्हा संधी मिळेल याचा भरवसा नाही. करिता मी या जबाबातच सांगतो की, मला शकुन खंडारे यांच्याशी लग्न करायचे आहे, त्यांची मर्जी असल्यास. हे मी पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय सांगत आहे.

मला कमी ऐकू येते, जबाब मोठ्याने वाचावा, अशी मी विनंती केली. मला चांगले ऐकू येते. हवालदार साहेबांनी दाराकडे तोंड करून वाचला. लग्नाची ओळ झाल्यावर शकुनबाईंनी बाहेरून ती पुन्हा वाचायला सांगितली. ती पुन्हा वाचली. जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. बाहेरूनही "बरोबर हाये" असे सांगण्यात आले. ते जबाबात बसत नाही, असे हवालदार साहेब म्हणाले, पण त्यांनी लिहून घेतले.