ज्वारीतली सीडी

पेन ड्राइव्हचं कौतुक मला सांगू नका. गावी घरात पडलेला माझा कॉलेजच्या दिवसांतला कॉम्प्युटर त्याला ओळखतच न्हाई. मागच्या हिवाळ्यात पुसेगावला घरी गेलो, तेव्हा म्हटलं, विंडोज नव्यानं टाकू, एकदा तरी चालू झालेला पाहू. पण त्याला सीडीच लागते. सगळी कपाटं उलथली. शेवटी शेतात बाबांना फोन केला.

"बाबा, माझ्या सीड्या कुठं गेल्या?"

"ज्वारीत टांगल्या. चमकल्या की पाखरं बसत न्हाईत."

धावत शेतात गेलो. पंधरा-वीस सीड्या सुतळीला लटकत होत्या. एकीवर माझ्याच अक्षरात 'विंडोज' लिहिलेलं. सोडून घेतली, बाबा नुसते बघत राहिले. घरी येऊन बनियनला पुसली, आत घातली. आणि काय सांगू, घरघर करत घेतली की त्यानं!

तासाभरानं विंडोज चालू होतानाची ती जुनी ट्यून वाजली. माझ्या कॉलेजच्या दिवसांत ती ऐकायला बाबा मुद्दाम दारात येऊन उभे राहायचे. मी त्यांना फोन लावला, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला आणि फोन स्पीकरजवळ धरला.

बाबा म्हणाले, "तोच आवाज हाय रे."

"व्हय बाबा!"

"मग आता ती सीडी आण लवकर. तासाभरापासून तिच्या जागी मीच हात हलवत उभा हाय."