कुमुदताईंचं निदान

मंडळी, आज एवढी माणसं जमलेली पाहून कुमुदताईंनी आधी विचारलं असतं, "सगळे इथे, मग वॉर्डात कोण?" त्या नाहीत, आणि त्यांच्याविषयी मी उभं राहून बोलायचं. जड जातंय. पण बोलते.

आपल्या दवाखान्याच्या क्षय वॉर्डात ताई समाजकार्यकर्त्या होत्या. मी त्यांच्या हाताखाली शिकले. लोक त्यांना दयाळू बाई म्हणायचे. ताई शांतपणे सांगायच्या, "मी हे काम शिकून आले आहे. हा माझा व्यवसाय आहे."

नरखेडकडची कौसल्या आमच्या वॉर्डात बरी झाली, पण भाऊ न्यायला येईना. ताई मला घेऊन एसटीने त्याच्या गावी गेल्या. भाऊ म्हणाला, "बाई, तुमी पुण्याचं काम करून राहिल्या. पर घरात लेकरं हायेत. तिले संत्र्याच्या बगीच्यात झोपडी बांधून देतो."

"पुण्य नाही, भाऊ. माझं काम करून राहिले," ताई म्हणाल्या. "तिलाच विचारते."

परत आल्यावर वॉर्डात कौसल्याने सगळं ऐकून घेतलं.

"मी बरी झाली ना, बाई?"

"झालीस."

"मंग काहून एकटी राहू?"

मोठे डॉक्टर म्हणाले, "भाऊ नेतोय ना? पाठवून द्या. तुमचं मन फार हळवं आहे."

ताई म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही निदान सांगता, त्याला मी हळवेपणा म्हणते का? एकटी ठेवली तर ही बाई खचेल. हे माझं निदान आहे."

डॉक्टरांनी ताईंना समोरची खुर्ची दिली. मग म्हणाले, "उपाय सांगा."

उपाय काय केला ताईंनी? भावाचा नाद सोडला आणि त्याच्या बायकोला गाठलं. तिला दवाखान्यात आणून डॉक्टरांसमोर बसवलं. "माझ्या लेकराईले होईन का?" तिने विचारलं. पुन्हा विचारलं. डॉक्टर समजावत राहिले. ताई तिच्या शेजारी बसून राहिल्या. शेवटी ती उठली, कौसल्याचं गाठोडं उचललं. म्हणाली, "चाल वं, घरी."

घरी म्हणाली, मंडळी. बगीच्यात नाही.

त्या नणंद-भावजय आज तुमच्यातच बसल्या आहेत.

आता वॉर्डात फेरी घेताना डॉक्टर थांबतात, आम्हाला विचारतात, "तुमचं मत काय?" हा मान कोणी मिळवून दिला? ताईंनी. मला त्यांचा अभिमान आहे. आणि माझ्या कामाचाही.

आता उभे राहू या. थोडा वेळ कोणीच काही बोलायला नको. ताई, तुमच्या व्यवसायातल्या एका सहकारिणीचा तुम्हाला नमस्कार.