ल्विनचा टोमॅटोचा मळा

इन्ले तळ्याकाठच्या दवाखान्यात बसलेल्या मा ठ्वेच्या कानावर शेजारच्या म्हातारीचं गाऱ्हाणं पडत होतं.

"आमचा जावई तळ्यावर तरंगणाऱ्या मळ्यातल्या टोमॅटोवर औषध मारतो आणि पंप तळ्यातच खंगाळतो. तेच पाणी आमच्या भाताला!"

"सगळेच तसं करतात, मावशी," मा ठ्वे म्हणाली.

"सगळ्यांच्या नातींना असे फोड आलेत का?"

"मासे मिळतात का तुमच्याकडे?"

"मिळतात ना, पोटं वर करून तरंगणारे."

नातीला मांडीवर घेऊन बसलेला जावई पुटपुटला, "आई, औषधाशिवाय पीक हाती लागत नाही."

"मग ऐक, ल्विन. उद्या मळा तळाशी खिळवून ठेवणारे बांबू उपट, होडी जुंप आणि तुझा तरंगता मळा माझ्या दारातून ओढून ने. जिथलं पाणी कुणाची लेक पीत नाही, असं तळं सापडलं की तिथे रोव."