विझली म्हणणारा

ऐका. मध्ये बोलू नका. शेकोटीत काटक्या टाकणंही थांबवा जरा.

सन एकोणीसशे चौसष्ट. चैत्र वद्य एकादशी. अंधार पडून घटकाभर झाला असेल. भागोजी हातात कंदील घेऊन घरातून निघाला. कुठे? खालच्या वाफ्याकडे. आपला राब बघायला.

राब म्हणजे काय, ते तुम्हा शहरात राहून आलेल्यांना सांगतो. भाताच्या रोपाचा वाफा असतो. त्यावर कवळ म्हणजे तोडून वाळवलेल्या फांद्या, शेण, पालापाचोळा पसरायचा आणि पेटवायचा. पण कसा? भोवतीचं गवत पाच हात खरवडून. घागरी भरून. वारा पडल्यावर. शेजाऱ्याला सांगून. आणि राखेत हात घालून ती गार लागल्याशिवाय उठायचं नाही! एकट्याला हे जमत नाही, म्हणून आमच्याकडे पाळी. आज मी तुझ्या राबावर बसतो, उद्या तू माझ्या.

आदल्या रात्री भागोजी आपल्या पाळीच्या सोबत्याच्या, येसूच्या राबावर उजाडेपर्यंत बसला होता. आज येसूची पाळी. दिवस कलताना भागोजीचा राब पेटवला, जाळ बसला, आणि तेवढ्यात घरून हाक आली. लेक पारू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तिला कळा सुरू झाल्या.

"जा दादा," येसू म्हणाला. "सुईण आण. मी बसलोय ना! मेलो तरी उठणार नाही."

भागोजीने सुईण आणली, घरी सोडली आणि परत निघाला. येसू भुकेला असेल, म्हणून भाकरीही बांधून घेतली. बघा, माणूस किती विश्वास टाकतो!

बांधाजवळ धोंड्यावर कोणी बसलेलं. डोक्यावरून घोंगडी, पाठ इकडे.

"येसू, भाकर आणलीय."

"विझली रे. जा घरी."

भागोजी वळला. मनात लेकीची काळजी. पण दहा पावलांवर चपापला. येसू मला 'रे' कधीपासून म्हणायला लागला?

पुढे ऐनाचं झाड. झाडाखाली तोच! तीच घोंगडी, तीच पाठ. मागे राहिलेला माणूस पुढे कसा आला?

"विझली रे. जा घरी."

कंदील भप्पकन गेला. वारा नव्हता. झाडाचं पानही हललं नव्हतं. ऐकताय ना?

भागोजीने छाती घट्ट केली. "राखेत हात घातलास?"

"घातला. बघ, गार आहे ना?"

आणि भागोजीचं मनगट धरलं! हात कसला, कोळसा. गार. वर्षभर जुन्या राखेसारखा गार. घोंगडी सरकली. तोंड उघडलं, आणि आतून राख सांडायला लागली. भुरुभुरु, भुरुभुरु. राखेतूनच आवाज आला, "मलाही असंच सांगितलं होतं. माझ्याच भावाने."

तो राघो. जुना मेलेला. भाऊ म्हणाला, विझली, नीज तू. राघो राबाशेजारी निजला आणि भाऊ निघून गेला. आगीने पुन्हा धरलं आणि राघो परत उठला नाही. तेव्हापासून त्या वाटेवर येईल त्याला तो तेच सांगतो. आपलं झालं ते दुसऱ्याचं व्हावं, एवढीच त्याची भूक.

भागोजीने हिसडा मारला. मनगटाची कातडी गेली. भाकर पडली. घराकडे नाही, वाफ्याकडे पळाला. मागून हाका. डावीकडून हाका. कानाशी हाका. "विझली! विझली रे!"

वाफ्यावर आला. कोणी नाही.

"येसू! अरे येसू!"

पऱ्ह्यापलीकडून, ओढ्याच्या त्या काठावरून, ढोलकी ऐकू आली. नमनाचा खेळ चालला होता. भागोजीला कळलं, येसू तिकडे गेला.

राखेतला निखारा उडून खरवडलेल्या पट्ट्यापलीकडे गेला होता. गवत पेटलं होतं. आग चढणीला पळते, आणि चढणीवर त्याचं घर. आत पारू.

हिरव्या पानांचा टहाळा ओरबाडला आणि झोडपायला लागला. भुवया जळल्या. पायाचे तळवे सोलले. आग गोठ्याच्या पेंढ्यापासून दहा हातांवर. वरून सुईण घागर घेऊन धावली.

"आत पोर अडलीय आणि बाहेर होळी कसली मांडलीस, मेल्या?"

"ओत, मावशी! बोलू नको, ओत!"

तिने ओतलं, त्याने झोडपलं. पेंढ्यापासून तीन हातांवर आग मेली. पारूला पहाटे मुलगी झाली.

सकाळी येसू आला. मान खाली. "दादा, जराच गेलो होतो. जाळ दिसत नव्हता, म्हणून वाटलं..."

"जाळ नव्हता. आग होती," भागोजी म्हणाला. "मेलेल्याने मला फसवलं, ते समजलं. तो माझा कोणी नव्हता."

बस. एवढंच.

म्हणून सांगतो, ऐनाखालच्या त्या वाटेने अंधारात जाऊ नका. कधीच नाही. लांबून जा, पऱ्ह्या ओलांडून जा. आणि कोणी दुसऱ्याने सांगितलं म्हणून आग विझली समजू नका.

काय म्हणता? येसूचं काय झालं?

भागोजीचा एक वाफा भाजायचा राहिला होता. चार दिवसांनी त्याने तो पेटवला. कोणाला बोलावलं नाही. येसू आपणहून आला. बांधावर बसला. रात्रभर बसला, ऊन चढेपर्यंत बसला. पाळी फिटली. मग उठून आपल्या वाटेने गेला.