सोनियाच्या खोलीसाठी

(सांगली, विश्रामबागेतलं टीव्हीचं दुकान. दुपारची वेळ.)

क्रांती : काका, बत्तीस का त्रेचाळीस, तेवढं आधी ठरवा. मग पुढचं बोलू.

बिराप्पा : बत्तीस म्हंजी काय?

क्रांती : इंच. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, तिरपं मोजायचं.

बिराप्पा : तिरपं कशाला? भित सरळ हाय की आमची.

क्रांती : पद्धतच आहे तशी. खोली केवढी आहे?

बिराप्पा : धा बाय आठ. पेंडीची पोती ठिवत हुतो तितं. आता समदी काडली, गुलाबी रंग दिला. नातीची खोली हाय.

क्रांती : मग बत्तीस पुरे. साधा घेताय का स्मार्ट?

बिराप्पा : साध्यात काय हुतंय, आन दुसऱ्यात काय?

क्रांती : स्मार्टला वायफाय लागतं. बोललं की चॅनल लागतो. बघा, या रिमोटमध्ये बोला.

बिराप्पा : आं... लहान पोरांचं लाव बरं.

क्रांती : थोडं हळू बोला.

बिराप्पा : लहान! पोरांचं! लाव! ... ताई, ह्यो तर लहान मुलांच्या दवाखान्याची जाहिरात दावतोय.

क्रांती : होतं असं कधीकधी. नात काय बघते? कार्टून?

बिराप्पा : तेच तर ठावं न्हाई.

क्रांती : वय?

बिराप्पा : सात... न्हाई, आट आसंल. दुसरीत हाय. पुण्यात वाडली. आईतवारी आणून सोडली सुनंनं. आमचा मल्हार मिल्ट्रीत, बर्फात ड्यूटी हाय त्याची. सून नर्स. तिला मस्कतला काम लागलं, दोन वर्सांचं. आता पोरगी आमच्याकडंच. दोन घास खाती आन गप बसती. मी म्हनलं, टीव्ही लावला तर जरा रमंल.

क्रांती : काका, तुम्ही मघापासून मला विचारताय. तिलाच फोन करा ना.

बिराप्पा : व्हय की. लावा, ह्यो घ्या माजा. 'घर' म्हून हाय बगा. आन जरा मोट्यानं आयकू यील आसं करा.

सोनिया : हॅलो? आजी शेळ्यांकडे गेलीये.

बिराप्पा : आगं, मी आबा बोलतोय. तुज्या खोलीला टीव्ही घेतोय. भितीला लावायचा. कसला पायजे तुला?

सोनिया : भिंतीला? मग जाताना तो काढायचा कसा?

बिराप्पा : कुटं जाताना?

सोनिया : पुण्याला. मम्मी शनिवारी येणारे ना मला न्यायला. मी बॅगपण उघडली नाहीये.

बिराप्पा : शनिवारी? कोन म्हनलं?

सोनिया : मम्मीच. सोडताना म्हणाली.

बिराप्पा : थांब हां बाळा, जरा. ... ताई, हिला सांगितल्यालंच न्हाई. सून तर म्हनली, समदं समजावलंय. आता काय बोलू मी?

क्रांती : काका, मी या सगळ्या टीव्हींचा आवाज बंद करते. बोला तुम्ही.

सोनिया : आबा, तिथे कोण आहे? मम्मी आहे का?

बिराप्पा : न्हाई. दुकानातली ताई हाय. सोनिया, आयक. तुजी मम्मी शनिवारी न्हाई यायची.

सोनिया : मग रविवारी?

बिराप्पा : रविवारी बी न्हाई. ती लांब गेली, कामाला. लय दिस लागतील. दोन वर्सं.

सोनिया : खोटं. ती म्हणाली शनिवारी.

बिराप्पा : तिला तुला सांगवलं नसंल गं. मला वाटलं तुला ठावं हाय. नायतर मी आसा फोनवर बोललो नसतो.

सोनिया : आता ती फोन पण नाही करणार?

बिराप्पा : करंल. रोज करंल. आज रातीलाच तुज्यासमूर लावतो मी. रडू नगं... न्हाई, रड. रड बाळा. मी हाय फोनवर.

क्रांती : काका, पाणी घ्या. बसा या खुर्चीवर. टीव्हीचं राहू दे आज.

बिराप्पा : व्हय. पुना कवातरी तिलाच घिऊन यीन. ... सोनिया? हाईस का गं?

सोनिया : हं. आबा, तुम्ही कुठे आहात?

बिराप्पा : सांगलीत. आता निगालोच. सातला फाट्यावर उतरतो बग.

सोनिया : नक्की सात?

बिराप्पा : सात. आन उशीर हुनार आसंल, तर तुला आदीच सांगीन.