यादीत घातलं की येतं

नाही नाही मावशी, तुम्हाला नाही म्हटलं — फोनला सांगत होते. वेखंड संपलं, असं. तुम्ही कशाला उठताय, बसा, बाळाला धुरी द्या नीट. सवय होईल तुम्हाला, पहिल्या दिवशी सगळे दचकतात. माझे दोन्ही हात हिच्यात अडकलेले, मग लिहिणार कशाने? म्हणून बोलायचं. हा माईक दाबला की मी बोलते ते तो लिहीत जातो — हो, मराठीत, शुद्धलेखनासकट, माझ्यापेक्षा बरं. रवा, डायपर, हिने दूध कधी घेतलं, ओकली कधी, डॉक्टरांना काय विचारायचं, सगळं. आणि ती यादी तिकडे संदेशच्या फोनवर दिसते. संदेश म्हणजे आमचे हे. माजिवड्याला ऑफिस. संध्याकाळी शीळफाट्याच्या ट्रॅफिकमधून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन येतो, एक वस्तू विसरत नाही, एक प्रश्न विचारत नाही. मैत्रिणी म्हणतात, नशीबवान आहेस. आहेच. एकदा मी हिच्याशी बोलताना ‘हत्ती आला, हत्ती आला’ करत होते आणि माईक चालू राहिलेला — तर संध्याकाळी खरंच हत्ती आला. रबराचा. तो बघा, टीव्हीशेजारी. मी हसून हसून बेजार. तो म्हणाला, यादीत होतं ना. — तेव्हा हसले मी. लक्षात ठेवा तुम्ही, तेव्हा मला हसू आलेलं.

छान धरलीय हो तुम्ही. तुमच्या मांडीवर कशी गप्प झाली बघा. माझ्याकडे नाही होत अशी. माझं सगळं वाचून — गरोदरपणी तीन पुस्तकं वाचली मी, पेन्सिलने खुणा करून. बाळ रडण्याची कारणं तोंडपाठ आहेत, विचारा. भूक, गॅस, ओलं, झोप, उकाडा. सगळी तपासून झाली आणि तरी रडत असलं तर काय, ते कुठल्याच पुस्तकात नाही. मग मी अशी फेऱ्या मारते, हॉल ते किचन, किचन ते हॉल, आणि बडबडत असते. काय बडबडते? तेच तर ना. तेच मला माहीत नाही.

तुमच्या आधीच्या मंजुळाबाईंना का काढलं ते शेजारच्या शालूने तुम्हाला पाठवताना सांगितलंच असेल. मी संशयी आहे, बाईवर आळ घेतला, वगैरे. नाही? मान हलवताय, पण सांगितलंय तिने. बरोबरच सांगितलंय. झालं असं — एका रविवारी मी दुपारी पडलेले. उठून बाहेर येते तर घरात केवढा उजेड. बाल्कनीची जाळी नाही. कबुतरांसाठी लावतात ती हिरवी जाळी हो, वरपासून खालपर्यंत. चौदावा मजला आहे आपला. संदेश हात धुतोय, आणि गुंडाळलेली जाळी चपलांच्या रॅकपाशी. म्हटलं, हे काय केलंस? तर म्हणतो, यादीत होतं ना. फोन काढून दाखवला — रवा, खाली ‘बाल्कनीची जाळी काढून टाक’, खाली नॅपकिन. त्याला वाटलं धुवायची असेल, कबुतरांनी घाण केलीय. एका शब्दाने विचारलं नाही हो त्याने. विचारायला काय जातं माणसाचं?

मला आधी वाटलं, फोन चुकला. चुकतो तो, पण चुकतो तेव्हा काहीच्या बाही लिहितो, कळतंच. हे स्वच्छ होतं. मग मंजुळाबाई. त्याच असतात दिवसभर घरात, फोन किचनच्या ओट्यावर माईक चालू असा पडलेला — मी बंद करायला विसरते, सारखं कोण दाबत बसणार — त्याच काहीतरी बोलल्या असतील. दुसऱ्या दिवशी विचारलं त्यांना. जरा तिखटच विचारलं. म्हणाल्या, “पोरी, मी कशाला बोलू? बोलतेस तू. मला वाटायचं पोरीशीच बोलतेस.” मला इतका राग आला. पगार हातात ठेवला आणि उद्यापासून येऊ नका म्हटलं. त्यांनी जाताना हिची दृष्ट काढली. माझीपण काढली. माझी कशाला?

मग त्या गेल्या. घरात मी आणि ही. आणि त्याच आठवड्यात यादीत, खजुराच्या खाली — ‘ती झोपली की दार उघडायचं. एकदाच.’

पंखा जरा कमी करू का? नको? बरं.

संदेशने विचारलं त्या वेळी. कुठलं दार, म्हणाला. मी म्हटलं, कपडे वाळत घालायचे असतात रे, बाल्कनीचं. हं म्हणाला आणि खजूर धुवायला घेतले. — त्याला का नाही सांगत? सांगेन की. पण तो आईंना सांगणार, म्हणजे सासूबाईंना. त्या कल्याणला असतात, रिक्षा करून तासाभरात इथे. आणि हिला उचलून नेतील. चांगल्या मनाने नेतील, ते आणखी वाईट. मग मला पाहायला मिळेल रविवारी, चहाबरोबर. आणि सगळे हळू बोलतील माझ्याशी. तसं काही नाहीये हो मला! मी एम.ए. आहे. हिला जपून जपून माझे हात दुखतात. आंघोळीचं पाणी कोपराने बघते, आणि परत बघते. तुम्ही मघाशी बघितलंत ना, तिसऱ्यांदा बघितलं ते? ते त्यासाठीच. माझ्या हातावर माझा विश्वास — जाऊ दे.

नवी जाळी सांगितलीय. शहाडचा माणूस आहे, उद्या येतो म्हणतो आणि येत नाही. तोवर मी यादीत कुलूप घातलं. कुलूप आलं. अर्थात आलं. बाल्कनीच्या दाराला लावलंय, बघा, पडद्यामागे. आधी तिथून खाली तुमचं गाव दिसायचं, कौलं, देवळाचा झेंडा. आता पडदा सारूनच ठेवते.

तर आता ऐका. मालिश, आंघोळ, ते तुम्ही करालच, त्यासाठी नाही बोलावलं मी. संदेश येईपर्यंत थांबायचं. त्याचे वेगळे देईन. आणि ही किल्ली. घ्या. पदराच्या टोकाला बांधा. गाठ मारा. अजून एक. घरी गेलात तर घेऊन जा. मी मागितली तर द्यायची नाही. चिडले तर नाही. रडले तर नाही. गोड बोलून मागितली तर अजिबातच नाही. घाबरताय? घाबरा थोडं. मला बरं वाटतं कुणी घाबरलं की. इथे सगळे म्हणतात, पहिलं बाळ आहे, होतं असं.

झोपली का? — झोपली वाटतं.

किती उकडतंय नाही? सगळं बंद म्हणून. मावशी, किल्ली द्या जरा. — बघा! गेला की नाही हात पदराकडे? असं नाही करायचं! आत्ता काय सांगितलं मी? परीक्षा घेत होते. चला, शिकलात.

चहा ठेवते. आलं घालू?

पण खरंच वारा नाहीये. झोपलीय ती, तिला पाळण्यात ठेवा, तुमचे पाय अवघडले असतील. किल्ली द्या, एक फट उघडते, टॉवेल तरी वाळतील. नाही, आता परीक्षा नाही. आता खरंच मागतेय. मावशी, घर माझं आहे. मूल माझं आहे. द्या ना. एकदाच —

एकदाच.

तुम्ही ऐकलंत? मी म्हटलं ते? तुमच्यासमोर म्हटलं मी, फोनने नाही.

मावशी, उठा. तिला पाळण्यात नका ठेवू, घेऊन उठा. आतल्या खोलीत जा. कडी लावा, आतून. मी हाक मारली तरी काढू नका, चांगल्या आवाजात मारली तरी नको. माझ्याकडे बघत थांबू नका हो, जा! मी इथेच बसते, खाली, फरशीवर. फोन तेवढा सरकवा इकडे. यादी राहिलीय माझी.

लागली कडी? — हां.

वेखंड. दुधी, लहानसा. बदाम. संदेश. आज, लगेच, ऑफिसातून सरळ घरी. बाकी काही नाही मिळालं तरी चालेल.